चौथ्या पानावरचं कुलूप

पाशाच्या, म्हणजे शहराच्या सुभेदाराच्या, कचेरीसमोरच्या दगडी कमानींखाली आम्ही सहा अर्जनवीस बसायचो. प्रत्येकाचं एक मेज, एक छत्री आणि गिऱ्हाइकासाठी एक डुगडुगणारं स्टूल. बाकीचे पाच जण पोटासाठी लिहायचे. मी भाषेसाठी लिहायचो, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. ते पाच जण याला दुजोरा देत नसत, पण त्यांच्या मनात माझ्याविषयी मत्सर आहे अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

अर्ज लिहिण्याची माझी एक पद्धत होती. आधी अल्लाची स्तुती, मग साहेबांची, मग साहेबांच्या वडिलांची. त्यांचे आजोबा माहीत असतील तर त्यांचीही. त्यानंतर अर्जदार किती क्षुद्र, किती अज्ञानी आणि साहेबांचा वेळ घ्यायला किती नालायक आहे याचं वर्णन. हे सगळं रीतसर झालं की मागणी. तीसुद्धा अशी, की ती येऊन गेली हे साहेबांना कळता कामा नये. लग्नघरात उशिरा आलेला पाहुणा कसा भिंतीकडेने सरकत जाऊन बसतो, तशी.

आता या पद्धतीचा गुण किती यायचा, हेही सांगायला हवं. हम्मादी नावाच्या विणकराने गल्लीत नळ मागितला होता. त्याला कचेरीतून उत्तर आलं, की साहेबांनी त्याच्या सदिच्छांचा स्वीकार केला आहे. एका विधवेने मुलाच्या नोकरीसाठी लिहून घेतलं, तिला साहेबांचा फोटो आला, सहीनिशी. या दोन्ही गोष्टी मी माझ्या यशात धरत होतो. साहेबांनी उत्तर पाठवलं म्हणजे भाषा पोचली, नळ पोचवणं हे काही अर्जनवीसाचं काम नव्हे, असं माझं मत होतं.

माझी बायको तामो तारल्या डब्यांत भरायच्या कारखान्यात कामाला होती. आमच्या बंदरात होड्या कधी येतील याचा नेम नाही, त्यामुळे कारखान्यांना कामाची वेळ नसते, भोंगा असतो. मासळी आली की तो वाजतो. प्रत्येक कारखान्याचा आवाज निराळा आणि प्रत्येक बाईला आपला भोंगा झोपेतही ओळखू येतो. तो वाजला की मळलेली कणीक परातीत तशीच टाकून, पांढरा हायक, ती अंगभर घ्यायची चादर, डोक्यावरून ओढून बायका उताराने धावत सुटतात. तामो एकदा माझ्या डोक्याला साबण लावत होती तेव्हा भोंगा वाजला. दुपारपर्यंत मी तसाच डोळे मिटून चाचपडत होतो.

बायका आत गेल्या की पहारेकरी दाराला बाहेरून कुलूप घालायचा. सगळी मासळी साफ होऊन डब्यांत बंद होईपर्यंत ते उघडत नसे. मालक तहामी, अदबीने आम्ही त्याला सी तहामी म्हणायचो, त्याचं म्हणणं असं, की दार मोकळं ठेवलं तर लेकुरवाळ्या बायका पोराला पाजायला म्हणून घरी पळतात आणि तोवर मासळी नासते. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. लहान डब्यात मासे आणि मोठ्या डब्यात आम्ही, असं म्हणून बायका हसायच्या.

त्या वर्षी वसंतात आतली वाफेची नळी फुटली. सगळी खोली पांढरी झाली. दोनशे बायका दाराशी धावल्या, आणि दाराला बाहेरून कुलूप. पहारेकरी किल्ली खिशात घालून कोपऱ्यावर चहाला गेला होता. तो आला तेव्हा पेला त्याच्या हातातच होता, असं तामो सांगते. कोणी मेलं नाही, याचं श्रेय त्या नळीला आहे, ती आपणहून रिकामी झाली. पण बऱ्याच जणी भाजल्या, तामोचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत. मी त्यावर अंड्यातलं पांढरं लावलं आणि तिच्यासमोर बसून रडलो. ते रडणं खरं होतं. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते ऐकून कोणाचा विश्वास बसणार नाही.

हात बरा होत आला, तसा भोंग्याला ती पुन्हा जाऊ लागली. पहिल्या दिवशी दाराजवळ गेल्यावर ती चौकट धरून उभी राहिली, हे तिने मला सांगितलं नाही. ते महजूबाने सांगितलं.

महजूबा म्हणजे कारखान्यातली सगळ्यांत जुनी बाई. तीस वर्षं माशांची मुंडकी उडवून तिचा स्वभावही तसाच झाला होता. शुक्रवारी दुपारी कुसकुस खाऊन मी जरा कलंडलो होतो, तेव्हा ती पाचसहा बायकांना घेऊन आमच्या अंगणात आली.

“बूशैब, तू अर्ज लिहितोस म्हणे.”

“लिहितोस म्हणे काय, खाला? सगळं बंदर ओळखतं मला.”

“मग लिही, पाशाला. दाराचं कुलूप काढायला लावा. झालं.”

“आणि पुढे?”

“पुढे काय? कुलूप काढलं की दार उघडतं.”

मला हसू आलं. मी उठून बसलो, उशी पाठीशी घेतली आणि त्यांना समजावून सांगितलं, की एका ओळीचा अर्ज म्हणजे साहेबांच्या अंगावर धावून जाणं. मोठ्या माणसाकडे सरळ चालत जायचं नसतं. त्याला वाटलं पाहिजे की ही गोष्ट त्याच्याच मनात आली.

“त्याच्या मनात यायला किती दिवस लागतात?” महजूबाने विचारलं.

“ते माझ्या लेखणीवर सोड.”

“आडवळणाने जायचं तर जा,” तामो चहा ओतता ओतता म्हणाली, “पण पोच म्हणजे झालं.”

मी आठ दिवस लिहीत होतो. कमानीखाली आलेल्या गिऱ्हाइकांना परत पाठवलं. शाईच्या दोन दौती संपवल्या, एक काळी आणि शीर्षकासाठी एक हिरवी. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या बायकोसाठी लिहीत होतो आणि ते माझं सर्वांत चांगलं लेखन व्हावं असं मला फार वाटत होतं. इतकं वाटत होतं, की ते कशासाठी आहे हे चौथ्या दिवसापासून मी विसरलो.

चार पानं झाली. आमच्या अंगणात तीसेक बायका जमल्या आणि मी उभं राहून वाचलं. पहिल्या पानाला त्या रडायला लागल्या. खोटं सांगत नाही. महजूबाच्या हाताला मासळीचा वास, म्हणून ती कोपराने डोळे पुसत होती.

“किती छान,” मागून एकजण म्हणाली. “हा बापासारखा माणूस कोण रे?”

“सी तहामी,” मी म्हणालो. “पाशासाहेब मागच्या परिच्छेदात झाले.”

रडणं जरा थांबलं. पण माझा आवाज चांगला आहे, मी वाचत राहिलो आणि त्या ऐकत राहिल्या. तिसऱ्या पानावर दोघी पेंगल्या. चौथ्या पानाच्या शेवटी ते वाक्य आलं. ते मला अजून तोंडपाठ आहे आणि आठवलं की कानशिलं तापतात. “आणि त्या द्वाराच्या लोखंडी ममतेचा भार, कृपादृष्टीला कधी फुरसत झालीच, तर किंचित हलका व्हावा, अशी आशा धरण्याची परवानगी मागण्याचा विचार या पामरांच्या मनात येऊन गेला.”

सगळ्या कागदाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.

“कुलूप कुठाय?” तामोने विचारलं.

“हे काय. लोखंडी ममता.”

“ममता?”

“म्हणजेच कुलूप.”

“मग कुलूप का नाही लिहिलंस?”

“कुलूप हा शब्द कचेरीत बरा दिसत नाही.”

“दारावर बरा दिसतो का?”

बायका हसल्या. मी मात्र दुखावलो. तुला लिहिता-वाचता येत नाही, तर शब्दाच्या वजनाबद्दल तू बोलू नकोस, असं मी तिला सगळ्यांदेखत म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाही खाली ओढली. महजूबा म्हणाली की लिहिणाऱ्याला कळत असेल, आपल्याला काय कळतंय. असं म्हणून तिने अंगठा पुढे केला.

अंगठ्यांची एक अडचण झाली. चौथं पान मी कडेपर्यंत भरलं होतं. पहिल्या पानाला मात्र शोभेसाठी चारी बाजूंनी रुंद समास सोडले होते. मग सगळ्या बायकांचे अंगठे तिथेच घेतले, स्तुतीच्या भोवतीने, एकाला एक लागून. पुढच्या दोन दिवसांत घरोघर फिरून दोनशे बारा अंगठे झाले. निळ्या वेलबुट्टीसारखे दिसत होते. मी तो कागद हातभर लांब धरून बराच वेळ पाहत बसलो होतो.

अर्ज दिल्यानंतर तीन आठवड्यांनी सी तहामीचा माणूस कमानीखाली आला आणि मला बोलावणं आहे म्हणाला. मी शेजारच्या पाच जणांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं, “मला? सी तहामींनी स्वतः?” आणि अंगातला पायघोळ जेलबा झटकत निघालो.

कारखान्याच्या वरच्या मजल्यावर सी तहामीची खोली आहे. आत शिरलो तर समोरच्या भिंतीवर माझं पहिलं पान. सोनेरी चौकटीत, काचेखाली, अंगठ्यांसकट. पाशाच्या कचेरीत पहिल्या पानापुढे कोणी गेलं नव्हतं. आपल्या मालकाविषयी इतकं प्रेम असलेल्या कामगार बायका त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या, म्हणून पाशांनी ते पान अभिनंदनाच्या चिठ्ठीसह सी तहामीकडे पाठवून दिलं होतं.

“हे तू लिहिलंस?” सी तहामीने विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

इथे मी चौथं पान काढायला हवं होतं. त्याची नक्कल माझ्या खिशात होती. पण त्याने मला गादीवर बसवलं, स्वतःच्या हाताने चहा ओतला, बदामाचे कानोले पुढे केले आणि म्हणाला, की “माझ्या वडिलांविषयी तू जे लिहिलंयस ते वाचून माझी आई दोन दिवस जेवली नाही.” आता अशा माणसासमोर कुलूप कसं काढायचं? मी पहिला पेला प्यायलो आणि म्हटलं, दुसऱ्या पेल्याला काढू. दुसऱ्याला त्याने हिरव्या शाईचं कौतुक केलं. तिसऱ्या पेल्यानंतर उठायची रीत आहे, म्हणून मी उठलो. निघताना त्याने कानोल्यांचा पुडा माझ्या हातात दिला.

घरी तामो चुलीपाशी होती. मी सगळं सांगितलं. चौकट, काच, आईचं न जेवणं.

“कुलपाचं काय म्हणाला?”

“फार खुशीत होता तो.”

“बूशैब, कुलपाचं काय म्हणाला?”

मी पुडा पुढे केला. तिने तो घेतला, शेजारणीच्या दारात ठेवून आली, आणि हात धुऊन पुन्हा चुलीपाशी बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडणात चार शब्द सुचतात. पहिल्यांदाच माझी मलाच लाज वाटली. तरी वर मी तिला म्हणालोच, “अशी कामं हळूहळू होतात.”

हे काम मात्र हळूहळू झालं नाही. कारखान्याला मागे एक लहान दार होतं, मुंडकी-आतडी गाढवावर लादून न्यायला. ते नेहमी उघडं असायचं, पण काम संपेपर्यंत माशांच्या टोपल्यांनी अडलेलं असे, म्हणून नळी फुटली तेव्हा कोणाला तिथून बाहेर पडता आलं नव्हतं. बायकांनी तेव्हापासून टोपल्या तिथून हलवून ठेवल्या होत्या. वेळ आलीच तर तेवढी एक वाट होती. आता सी तहामी कामगारांच्या प्रेमाने भरून आला होता. अशा गुणी बायकांना गाढववाल्याचा त्रास नको, मागचा वारा नको, असं म्हणून त्याने त्या दारालाही कुलूप बसवलं. दोन्ही कुलपं नवी, पितळी. अर्ज करण्याआधी माझ्या बायकोला एक वाट होती. माझ्या अर्जाने तीही बंद केली.

हे तामोने मला एका वाक्यात सांगितलं आणि झोपायला गेली. मी अंगणात बसून चौथं पान पुन्हा वाचलं. लोखंडी ममता शोधायला मलाच वेळ लागला.

चार दिवसांनी सकाळी भोंगा वाजला. तामो नेहमीसारखी धावली नाही. तिने सावकाश हायक घेतला, चपला घातल्या आणि चालत गेली. उतारावरच्या सगळ्याच घरांतून बायका चालत निघाल्या होत्या. कमानीखाली न जाता मीही मागून गेलो. पुढे नव्हे, मागून. तशी मला सवय होती.

कारखान्याच्या अंगणात होड्यांवरची मासळी उतरली होती, टोपल्यांवर टोपल्या. दार सताड उघडं होतं, पहारेकरी कुलूप हातात घेऊन उभा होता, आणि दोनशे बायका दारासमोर जमिनीवर बसल्या होत्या. कोणी घोषणा देत नव्हतं. महजूबाने जपमाळ काढली होती. एकीने पोराला पाजायला घेतलं होतं, अगदी मालकाच्या खिडकीखाली. पुन्हा एकदा भोंगा वाजवला गेला. महजूबा वर बघून म्हणाली, “ऐकू आलंय, बाबा. म्हातारी आहे, बहिरी नाही.”

मी एका हातगाडीमागे उभा होतो. हातगाडी बरीच रुंद होती, मुद्दाम तीच निवडली होती.

ऊन वर आलं तसा पाशाचा नायब दोन शिपाई घेऊन आला. सी तहामी खाली उतरला. त्याच्या हातात सोनेरी चौकट होती. मी हातगाडीमागे आणखी वाकलो.

“बायांनो, मला खरंच वाईट वाटतंय,” तो म्हणाला, आणि त्याला वाटत होतं. “महिन्याभरापूर्वी तुम्ही मला बाप म्हणालात. हे बघा नायबसाहेब, दोनशे बारा अंगठे. यांना कोणीतरी बाहेरून भडकवलंय.”

नायबाने चौकट हातात घेतली, वाचली, महजूबाकडे वळला. “आजी, यात तुझा अंगठा आहे?”

“आहे.”

“कुठला?”

महजूबाने वाकून पाहिलं आणि एकावर बोट ठेवलं. तीस वर्षांच्या सुरीने तिच्या अंगठ्याला आडवी खाच पाडली होती, ती कागदावरही दिसत होती.

“मग त्या दिवशी खोटं बोललीस की आज बोलतेयस?”

ती काय सांगणार? अंगठा तिचाच होता. तिने काचेवरचं बोट काढून घेतलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शिपाई पुढे सरकले. पहारेकरी दारातून बाजूला झाला, जणू आता जाच आत. मागे बसलेल्या दोघीतिघी उठूनही उभ्या राहिल्या. अजून एवढासा धक्का लागला असता तर सगळ्या आत गेल्या असत्या, आणि मागून कुलूप लागलं असतं, पुढे आणि मागेही.

तामोने मागे वळून पाहिलं. तिला मी कुठे असेन हे बरोबर ठाऊक होतं.

“बूशैब, त्या गाडीमागून बाहेर ये. चौथं पान सांग.”

मी बाहेर आलो. एवढ्या माणसांतून पुढे जाताना पायांत पाय अडकत होते. नायबासमोर उभा राहिलो, सगळं बळ एकवटलं, तोंड उघडलं आणि म्हणालो, “हे न्यायाच्या उद्यानातील सदाबहार वृक्षा, ज्यांच्या पूर्वजांच्या छायेत...”

बायका खो खो हसायला लागल्या. एक शिपाईही हसला. मला खरोखरच दुसरी सुरुवात येत नव्हती. पंचवीस वर्षांत मी साहेबाशी दुसरं काही बोललोच नव्हतो.

“पान उलट,” तामो म्हणाली.

“नायबसाहेब,” मी म्हणालो, “हा अर्ज मी लिहिला. या बायकांनी मला एक ओळ सांगितली होती. मी चार पानं लिहिली, ती ओळ शेवटी घातली, आणि तीही अशी घातली की मला स्वतःला सापडत नाही. अंगठे त्यांचे आहेत. शब्द एकही त्यांचा नाही. अंगठे मी पहिल्या पानावर घेतले, कारण तिथे समास होता.”

“म्हणजे माझे वडील...” सी तहामी म्हणाला आणि थांबला.

“त्यांना मी कधी पाहिलं नाही, सी. सगळ्यांच्याच वडिलांबद्दल मी तेच लिहितो.”

त्याचा चेहरा पडला, आणि मला त्या क्षणीही त्याची दया आली. ही माझी खोडच आहे. नायबाला मात्र दया आली नाही. सरकारी कचेरीची दिशाभूल केल्याबद्दल कमानीखाली बसण्याचा माझा परवाना आजपासून रद्द, असं त्याने जाहीर केलं. मी परवाना खिशातून काढून दिला. त्याच्याबरोबर चौथं पानही बाहेर आलं, तेही दिलं.

“आणि यांची ती ओळ कोणती?”

मी सांगणार होतो, पण तामो उठली होती. तिने डावी बाही कोपरापर्यंत वर सरकवली. हात उन्हात धरला. तिथली कातडी अजून गुळगुळीत, गुलाबी आहे, आणि घडीच्या जागी चुणल्यासारखी. नायबाने पाहिलं. नंतर आणखी एक बाई उठली आणि तिने मानेवरचा हायक बाजूला केला. मग आणखी एक उठली.

“लिही,” महजूबा मला म्हणाली. “आता मी सांगते तेवढंच. दोन्ही कुलपं काढा. तोवर आम्ही आत जाणार नाही.”

कागद नायबाने दिला. टोपली उपडी घालून मी मेज केलं आणि लिहिलं. काय करणार, सुरुवातीला एक ‘मेहेरबान’ पडला, शेवटी एक ‘नम्र’. मी कागद उचलला तर तामो वाकून बघत होती. तिला अक्षर येत नाही. पण माशांच्या डब्यात एक तारली जास्त झाली तर एका नजरेत कळतं तिला.

“एवढं लांब कसं झालं?”

“ओळी मोठ्या काढल्या.”

“बूशैब.”

मी दोन्ही शब्द खोडले. नीट खोडले, जाड रेघ मारून. मग नायबाने कागद मोठ्याने वाचला, आणि दोनशे बायका ओळीने आल्या. या वेळी अंगठे त्या ओळीच्या खालीच घेतले. जागा पुरेना तेव्हा कागद उलटून मागच्या बाजूला घेतले.

सी तहामी मासळीकडे बघत होता. ऊन टोपल्यांवर आलं होतं आणि अंगणात वास सुटला होता. नायबाने रुमाल नाकाला लावला आणि म्हणाला, “सी तहामी, हा कागद पाशासाहेब वाचतील. एकच ओळ आहे, वाचावीच लागेल. त्याआधी तुम्ही काय ते बघा.” सी तहामीने पहारेकऱ्याला खूण केली. पुढचं कुलूप त्याच्या हातातच होतं, मागचं काढून आणलं. दोन्ही कुलपं किल्ल्यांसकट नायबाच्या शिपायाकडे दिली.

“आता तरी चला,” सी तहामी म्हणाला. “अर्धी मासळी गेली.”

महजूबा उठली, गुडघे झटकले, आत गेली आणि तिने आपल्यामागे दार लावून घेतलं. मग आतून ढकलून तिने ते उघडलं आणि बाहेर डोकावली. “उघडतंय,” तिने सांगितलं. पुन्हा आत गेली. तिच्यामागची बाई आत गेली, तिनेही दार लावलं, आतून ढकललं, उघडलं. मग तिसरी. सांगितलं कोणी नव्हतं, पण प्रत्येकीला स्वतः उघडून पाहायचं होतं. जिचं पोर कडेवर होतं तिने पोराच्या हाताने ढकललं. सी तहामी घड्याळ बघून म्हणाला की एकीने पाहिलं तेवढं पुरे. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. नायब खोक्यावर बसला आणि त्याने सिगारेट पेटवली.

तामो सर्वांत शेवटी गेली. दार तिच्यामागे लागलं आणि लागलेलंच राहिलं. मी वाट पाहिली. आत वाफेच्या यंत्राचा आवाज सुरू झाला होता. माझ्या मनात नको ते येऊन गेलं, मी दोन पावलं पुढे गेलो, आणि तेवढ्यात दार उघडलं. ती उंबऱ्यावर उभी होती, चाकू हातात, डोक्याला फडकं बांधलेलं. ती फडकं बांधायला थांबली होती, एवढंच.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला काहीतरी म्हणायचं होतं, चांगलं, मोठं.

“घरी जा,” ती म्हणाली. “दार लावते. माश्या आत येतात.”

आणि तिने ते आतून ओढून घेतलं.